आधी पाहा, मग वाचा, पण खंडाच्या मापानं

पत्र: "लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज या जपानी ॲनिमेशन मालिकेत मी तीनदा शिरले आणि तीनदा बाहेर पडले. नव्या मालिकेचे पहिले बारा भाग पाहिले, ते ऐन युद्धाच्या तोंडावर संपले. मग कादंबरीचा पहिला खंड इंग्रजीतून घेतला, तर सुरुवातीच्या इतिहासातच रुतले. एक मैत्रीण म्हणाली, कालक्रमानं जा, आधी जोडकथा पाहा. तसं केलं तर नायकाचं आडनावच वेगळं निघालं! नावं लक्षात राहत नाहीत, सनावळ्या दोन-दोन. पुस्तकं आधी की मालिका? जुनी की नवी? आणि अकरा वर्षांचा मुलगा सोबत बसायचं म्हणतो, बसवू का?"

उत्तर:

तुमचा धीर कमी पडलेला नाही, तिन्ही वेळा दार चुकलं. आणि चुकणं सोपं आहे, कारण एकाच कथेला आत शिरायच्या पाच-सहा वाटा आहेत आणि त्यातल्या निम्म्या नवख्या माणसासाठी केलेल्याच नाहीत.

मूळ वस्तू म्हणजे तनाका योशिकी यांची दहा खंडांची कादंबरी, अंतराळातलं एक साम्राज्य आणि लोकशाही मानणारा ग्रहसंघ यांच्या युद्धाची. १९८२ ते १९८७ या काळात ती लिहिली गेली आणि १९८८मध्ये तिला विज्ञानकथांसाठीचा जपानचा सेइउन पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जुनी मालिका सुरू झाली. दिग्दर्शक इशिगुरो नोबोरू, एकूण ११० भाग, शेवटचा भाग १९९७मध्ये. ही मालिका टीव्हीसाठी नव्हती, विकत घ्यायच्या व्हिडिओसाठी होती. त्यामुळे दर भागाला नवा प्रेक्षक ओढण्याची घाई तिला नाही, आणि कादंबरी जिथे थांबते तिथेच ती थांबते. पहिल्या सीझनचे २६ भाग म्हणजे खंड १ आणि २. दुसऱ्याचे २८ म्हणजे ३, ४ आणि ५. तिसऱ्याचे ३२ म्हणजे ६, ७, ८. चौथ्याचे २४ म्हणजे शेवटचे दोन खंड. सीझन आणि खंड यांचे सांधे तंतोतंत जुळतात, आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांचं उत्तर या सांध्यांत आहे.

तेव्हा जुनी मालिका धरा, आणि एकेका खंडाच्या मापानं चाला. खंडाचे भाग आधी पाहायचे, मग तोच खंड वाचायचा, मगच पुढे सरकायचं.

आधी पाहायचं कशासाठी, हे नीट सांगायला हवं, कारण "पुस्तक आधी" ही सवय बहुतेकांना असते आणि एरवी ती चांगलीच असते. इथे दोन अडचणी येतात. पहिली, कादंबरीचा निवेदक हा खूप पुढच्या काळातला इतिहासकार आहे. सगळं घडून गेल्यावर बखर लिहावी तसा तो लिहितो. अमुक सेनापती अजून हसतखेळत जेवतोय आणि निवेदक सहज सांगून जातो की याला आता इतकेच महिने उरलेत. लेखकानं हे जाणूनबुजून केलंय आणि दुसऱ्या वाचनात त्याची खरी चव लागते. पहिल्यांदा मात्र धक्का हातचा जातो. मालिकेतला निवेदकही कधीकधी हेच करतो, पण बराच कमी. दुसरी अडचण नावांची. छापील पानावर शंभर जर्मन आडनावं ही शंभर अक्षरांचे पुंजके असतात. मालिकेत त्याच माणसांना चेहरा, आवाज, उभं राहण्याची ढब मिळते. पाहून झाल्यावर वाचलंत की आडनाव दिसताच आवाज ऐकू येतो.

मग पुस्तक वाचायचं तरी कशाला? कारण लढाई कशी झाली हे मालिका दाखवते, पण ती का झाली, कोणी मत दिलं, पैसा कुठून आला, धान्य किती होतं, हे पुस्तकात जास्त आहे. तुम्ही पाहिलेली साम्राज्यावरची मोठी स्वारी घ्या. स्वतंत्र ग्रहसंघाची आठ आरमारं, दोन लाख जहाजं आणि तीन कोटींहून जास्त माणसं साम्राज्याच्या हद्दीत घुसतात. साम्राज्याचा तरुण सेनापती राइनहार्ड लढतच नाही. सीमेवरच्या ग्रहांवरचं सगळं धान्य उचलून तो मागे सरतो. "मुक्त करायला" आलेल्या सैन्याच्या पदरात पाच कोटी उपाशी लोक पडतात, आणि ज्यांना वाचवायला आलो त्यांना खाऊ घालता घालता सैन्याचीच रसद संपते. पडद्यावर हे काही मिनिटांत होतं. पहिल्या खंडात तुम्ही तो निर्णय ज्या बैठकीत झाला त्या बैठकीत बसता, निवडणूक जवळ आलेल्या मंत्र्यांची गणितं ऐकता, आणि हरणं तिथेच ठरून गेलंय हे कळतं. युद्धकथेत रसदीला इतकं मानाचं पान क्वचितच मिळतं. आमच्या मते या कादंबरीचं खरं मोठेपण तिथे आहे.

आता पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं.

सुरुवात १९८८च्या तासाभराच्या चित्रपटानं करा. इंग्रजीत त्याचं नाव "माय कॉन्क्वेस्ट इज द सी ऑफ स्टार्स" असं आहे. त्यात मुख्य कथेच्या थोड्या आधीची लढाई आहे, राइनहार्ड आणि ग्रहसंघाचा यांग वेन-ली एकमेकांना पहिल्यांदा दुरून ओळखतात, आणि शेवटची मोठी चकमक राव्हेलच्या "बोलेरो"च्या चढत्या तालावर बसवली आहे. मालिकेचा सूर कळायला एवढं पुरतं. माह्लर, ब्रुकनर, द्वोर्झाक, शोस्ताकोविच हे पुढे सतत कानावर येणार आहेत. त्यानंतर १९९३चा "ओव्हर्चर टू अ न्यू वॉर" हा दीड तासाचा चित्रपट पाहा. मालिकेचे पहिले दोन भाग त्यात नव्यानं, जास्त ऐसपैस आणि जास्त चांगल्या चित्रांत काढले आहेत. तो पाहिलात की मालिका थेट तिसऱ्या भागापासून धरायची. सोळाव्या भागापर्यंत गेलात की थांबा आणि पहिला खंड उघडा. सतरा ते सव्वीस पाहून झाले की दुसरा.

दुसऱ्या सीझनपासून खंडामागे साधारण नऊ ते अकरा भाग पडतात. शेवटच्या सीझनला बारा. भाग सुमारे पंचवीस मिनिटांचा आहे. आठवड्याला चार भाग ही चाल बहुतेकांना झेपते, म्हणजे सगळी मालिका अठ्ठावीस आठवड्यांची, वाचन वेगळं. दोन आठवड्यांहून मोठा खाडा पडू देऊ नका. कथानक आठवतं, पण कोण कोणाच्या हाताखाली हे पुसलं जातं, आणि मग पुन्हा मागे जावं लागतं. रात्री एका बैठकीत सहा-सहा भाग पाहणंही तितकंच वाईट, कारण दरबारी कारस्थानांचे भाग संथ आहेत आणि थकलेला डोळा नेमके तेच गाळतो.

तुम्ही जिथे रुतलात तो पहिल्या खंडाचा प्रास्ताविक इतिहास. तिथे पुष्कळ जण अडकतात. मालिका करणाऱ्यांनाही हे कळलं असावं, कारण त्यांनी तो मजकूर सुरुवातीला ठेवलाच नाही. तो थेट चाळिसाव्या भागात येतो, यांगच्या घरी वाढलेला ज्युलियन प्रवासात असताना एक माहितीपट पाहतो त्या निमित्तानं. तुम्हीही तसंच करा. पहिला खंड वाचताना प्रास्ताविक सोडून पहिल्या प्रकरणाला लागा, आणि चाळिसावा भाग पाहिल्यावर परत येऊन ते वाचा. तोवर त्यातल्या प्रत्येक नावाला तुमच्या मनात जागा झालेली असेल. मधल्या काळात पुरेल एवढा सारांश असा: इसवी सन २८०१ हे अंतराळ सनाचं पहिलं वर्ष. अंतराळ सन ३१०मध्ये रुडॉल्फ नावाचा लोकप्रिय नेता लोकशाहीतूनच वर येऊन सम्राट झाला. गुलाम म्हणून राबणाऱ्या चार लाख लोकांनी आले हाइनेसन याच्या नेतृत्वाखाली कोरड्या बर्फाचं जहाज कोरलं आणि पळ काढला. पन्नास वर्षांनी एक लाख साठ हजार उरले होते. त्यांनी ५२७मध्ये ग्रहसंघ स्थापला. ६४०मध्ये दोन्ही बाजूंची पहिली मोठी लढाई झाली आणि तेव्हापासून युद्ध थांबलेलं नाही. कथा सुरू होते ७९६मध्ये.

सनावळ्यांचा घोळ याच इतिहासातून येतो. साम्राज्य रुडॉल्फच्या राज्याभिषेकापासून वर्षं मोजतं, ग्रहसंघानं जुना अंतराळ सन परत आणला. फरक ३०९ वर्षांचा: अंतराळ ७९६ म्हणजे साम्राज्याचं ४८७. तुमच्या टिपणात फक्त अंतराळ सन लिहा, साम्राज्याच्या सनात ३०९ मिळवून. पाचव्या खंडाच्या अखेरीस तिसरी मोजणी सुरू होते. तिची नोंद तेव्हाच करा, आत्ता शोधू नका, कारण शोधलंत तर ती का सुरू होते हेही कळेल.

नावांसाठी वही ठेवा. कागदाची. इंटरनेटवर नाव टाकून माणूस शोधू नका, ही आमची सगळ्यात कळकळीची विनंती. पात्राच्या पानावर पहिल्याच ओळीत मृत्यूचं वर्ष असतं.

वहीत नावं देवनागरीत लिहा, कानाला ऐकू येतात तशी. ही नावं जर्मन, चिनी, फ्रेंच अशा वळणांची, जपानी उच्चारातून गेलेली आणि मग इंग्रजी अक्षरांत आणलेली आहेत. त्यामुळे सबटायटल्समध्ये एक स्पेलिंग, पुस्तकात दुसरं आणि नव्या मालिकेत तिसरं असं सर्रास होतं. यांगचा रसद सांभाळणारा थोरला मित्र कुठे कॅझेल्न, कुठे कॅझेर्न. वाचक त्यांना दोन माणसं समजतो आणि अर्धा खंड तो दुसरा माणूस कधी येणार याची वाट पाहतो. कानावर विसंबलात की हा घोटाळा होत नाही.

पानाचे तीन भाग करा: साम्राज्य, ग्रहसंघ, आणि दोघांच्या मधलं व्यापारी राज्य फेझान. प्रत्येक नावापुढे एकच खूण लिहायची, हुद्दा नाही. हुद्दे दर खंडाला बदलतात आणि खोडाखोड होते. यांग हे आडनाव आहे आणि ते आधी येतं, एवढं मात्र लिहून ठेवा. "फॉन" असलेला सरदार घराण्यातला. पण तो साम्राज्याच्या बाजूचाच असेल असं नाही, ग्रहसंघाकडे शेनकॉप आहे.

साम्राज्याच्या पानावर "म"ची रांग लागेल आणि तिथेच सगळे घसरतात. मिटरमायर म्हणजे वेग. मेकलिंगर चित्रं काढतो आणि पियानो वाजवतो. म्यूलर चिवट बचावाचा. मेरकात्स वयस्क, सरळमार्गी, सरदारांच्या गोटात सापडलेला. म्यूकेनबर्गर जुन्या फळीतला, लवकरच मागे पडतो, त्याला लक्षात ठेवायची गरज नाही. बाकीचे सोपे आहेत: रॉयेनथालचा एक डोळा काळा आणि एक निळा, ओबरस्टाइनचे दोन्ही डोळे कृत्रिम, बिटेनफेल्डची जहाजं काळी आणि पवित्रा नेहमी चढाईचा, आइझेनाख बोलत नाही. पहिल्या सीझनभर प्रत्येक बाजूची आठ-दहा नावं पुरतात. एकाच प्रसंगात येऊन मरणाऱ्या सरदारांना वहीत घेऊ नका. पडद्यावर नाव आणि हुद्द्याची पट्टी येते तिथे क्षणभर थांबवायला मात्र हरकत नाही.

आडनाव वेगळं का निघालं? राइनहार्ड जन्मानं फॉन म्यूझेल. लोहेनग्राम हे घराणं त्याला नंतर मिळालं. जोडकथा आधीच्या काळातल्या असल्यामुळे त्यांत तो म्यूझेल असतो. तुमच्या मैत्रिणीची सूचना दुसऱ्यांदा पाहणाऱ्यासाठी ठीक आहे, पहिल्यांदा अजिबात नाही. जोडकथांची मालिका ५२ भागांची आहे आणि १९९८ ते २००० या काळात, म्हणजे मुख्य मालिका संपल्यावर निघाली. ही माणसं पुढे काय होणार हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच ती रचली आहे. राइनहार्ड आणि त्याचा बालमित्र किरखआइस यांची तरुणपणची साधी साधी दृश्यं तिथे जड होतात ती त्या माहितीमुळे. ती मुख्य मालिकेनंतर पाहा आणि त्यातली "स्पायरल लॅबिरिंथ" ही चौदा भागांची कथा आधी घ्या. यांग एका जुन्या युद्धवीराच्या मृत्यूचा तपास करतो, कथा स्वतःत पूर्ण आहे. १९९२चा "गोल्डन विंग्ज" दिसला तर गोंधळू नका. त्यातले चेहरे वेगळ्या धाटणीचे आहेत, त्यामुळे ओळखीची माणसं अनोळखी वाटतात. मागे ठेवलात तरी काही बिघडत नाही. हायकासोरू या प्रकाशनानं २०१६ ते २०१९ या काळात आणलेल्या इंग्रजी संचात मुख्य दहा खंड आहेत, जोडकथा नाहीत.

नव्या मालिकेबद्दल. "डी नॉय थेजे" २०१८मध्ये सुरू झाली. पहिले बारा भाग पहिला खंडही पूर्ण करत नाहीत, म्हणून तुम्हाला वाक्य अर्ध्यात तुटल्यासारखं झालं. २०१९चे बारा आणि २०२२चे चोवीस धरून तिचे एकूण ४८ भाग होतात आणि कथा चौथ्या खंडापर्यंत येते. जहाजं आणि लढायांची रचना तिच्यात फार सुरेख दिसते. पण मधली संथ संभाषणं छाटलेली आहेत, आणि ही कथा संथ संभाषणांवरच उभी आहे. शिवाय अधिकारी सगळे देखणे आणि एकाच वयाचे वाटतात, ओळखायला अवघड. चौथा खंड वाचून झाला की मग पाहा. तेव्हा ती तुलनेसाठी खूप आनंद देते. इंग्रजी डबिंग नव्या मालिकेला आहे, जुनीला नाही. जुनी जपानीतच पाहावी लागेल, सबटायटल्स वाचत. डबिंग असतं तरी आम्ही जपानीच सुचवलं असतं. यांगला आवाज देणारे तोमियामा केइ १९९५मध्ये वारले, मालिका संपण्याआधी. त्या आवाजाशिवाय यांगची कल्पना करणं कठीण आहे.

लढाया समजत नाहीत असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण लवकरच तो प्रश्न येईल. पडद्यावर हजारो ठिपके सरकतात. जहाजं मोजू नका, दोन गोष्टी पाहा: सैन्य एकत्र आहे की विभागलेलं, आणि कोण किती वेळ लढतंय. आस्तार्तेची लढाई हा उत्तम धडा आहे. राइनहार्डकडे वीस हजार जहाजं, ग्रहसंघाकडे चाळीस हजार. कागदावर दुप्पट. पण ती बारा, तेरा आणि पंधरा हजारांच्या तीन तुकड्यांत, तीन दिशांनी येतायत. राइनहार्ड घेरलं जाण्याची वाट पाहत नाही. बारा हजारांवर वीस हजार घेऊन जातो, मग तेरा हजारांवर. प्रत्येक वेळी तोच संख्येनं वरचढ असतो. तिसऱ्या तुकडीशी गाठ पडते तिथे यांग आहे, आणि खेळ फिरतो. एवढं उमजलं की पुढच्या जवळजवळ सगळ्या लढाया याच हिशेबानं वाचता येतात. अपवाद इझरलोन. साठ किलोमीटर व्यासाचा हा कृत्रिम गोल किल्ला आरमारानं घेताच येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीच्या लढाया म्हणजे युक्तीच्या गोष्टी आहेत.

प्रत्येक भागाच्या शेवटी पुढच्या भागाची झलक येते. ती बंद करा, अगदी प्रत्येक वेळी. जुन्या मालिकेच्या झलका कोण मरणार हे सरळ सांगून टाकतात. भागांची शीर्षकंही धोक्याची आहेत, त्यामुळे यादी उघडून पुढची नावं चाळू नका. तिसऱ्या सीझनमध्ये तर मुळीच नाही.

मुलाबद्दल: अकरा हे वय थोडं कमी आहे. जहाजं फुटतात तेव्हा आतली माणसं जळताना आणि मरताना दिसतात. एक स्फोटक वायू सोडला की बंदुका वापरता येत नाहीत, म्हणून किल्ल्यांच्या आत सैनिक कुऱ्हाडींनी लढतात आणि ते रक्तबंबाळ असतं. दुसऱ्या खंडाच्या भागांत, म्हणजे सतरा ते सव्वीसमध्ये, रेंटेनबर्ग किल्ल्यातली अशी झुंज आहे आणि एका ग्रहावरच्या सामान्य लोकांचा संहारही आहे. तो विसरता येत नाही, आणि कथेला तो विसरायचाही नाही. शिवाय सबटायटल्स लांब आणि भराभर बदलणारी आहेत, त्या वयात दमछाक होते. आत्ता बसवायचंच असेल तर दोन्ही चित्रपट आणि सोळाव्यापर्यंतचे भाग तुम्ही आधी एकट्यानं पाहा, त्यातले निवडक त्याच्यासोबत दुसऱ्यांदा पाहा, मधली वाक्यं थांबवून मराठीत सांगा, आणि सतराव्या भागाच्या आधी थांबा. पुढचं तो तेरा-चौदाचा झाल्यावर.